पिचिनिनीच्या प्राण्यांबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला फिलिप आयलंडचे पेंग्विन दाखवायचेच, हा इथल्या मराठी घरांचा अलिखित नियम. मीही तो पाळते, पण माझी एक पुरवणी आहे : पॅट्रिशिया पिचिनिनीची शिल्पं आसपास कुठे मांडलेली असतील, तर आधी ती. मग घरी परतताना गाडीत प्रश्न सुरू होतात. कुणी चिडलेलं असतं, कुणी हळवं झालेलं असतं, एका काकांनी तर पुढचे दोन दिवस डुकराचा विषय सोडला नाही. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. मी समीक्षक नाही, चित्रकलेच्या शाळेतही गेलेले नाही. बघत आलेय, एवढंच भांडवल.

ही पॅट्रिशिया पिचिनिनी कोण?

ऑस्ट्रेलियातली आजची एक मोठी शिल्पकार. जन्म १९६५, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनचा. वडील इटालियन. मधला काही काळ इटलीत आणि १९७२ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियात. आधी तिने आर्थिक इतिहासाचा अभ्यास केला, मग मेलबर्नच्या व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ द आर्ट्समधून १९९१ साली चित्रकलेची पदवी घेतली. म्हणजे शिक्षणाने ती पेंटर, शिल्पकार नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिची आई बरीच वर्षं कर्करोगाने आजारी होती. तरुणपणी पिचिनिनी वैद्यकीय संग्रहालयांत जाऊन बरणीतल्या नमुन्यांची रेखाटनं करायची. शरीर म्हणजे बिघडणारी, दुरुस्त होणारी, कधी दुरुस्त न होणारी गोष्ट, ही जाणीव तिच्या कामात पहिल्यापासून दिसते. २००३ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, तिने ऑस्ट्रेलियाचं प्रतिनिधित्व केलं आणि तिथून नाव जगभर गेलं. त्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘वी आर फॅमिली’.

प्रदर्शनात नेमकं बघायचं काय असतं?

माणूस आणि प्राणी यांच्या सीमेवर राहणारे, कुठल्याही जंगलात नसलेले जीव. सिलिकोनचे, खऱ्या केसांचे, साधारण आपल्याच मापाचे. एखाद्या बाकावर बसलेले, पलंगावर झोपलेले, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवलेले.

एकच शिल्प नीट सांगते, ‘द यंग फॅमिली’. २००२ ते ०३ मधलं हे काम बेंडिगो आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. बेंडिगो म्हणजे मेलबर्नहून ट्रेनने दोनेक तासांचं, सोन्याच्या खाणींवर वाढलेलं गाव. आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेले होते. चामड्याने मढवलेल्या एका उतरत्या आसनावर एक मादी कुशीवर आडवी पडलेली आहे. कान लांब, लोंबते, डुकरिणीचे. नाकाचा भाग सोंडेकडे झुकलेला. पण हात आपले, बोटांना नखं, नखांच्या कडेला कातडी किंचित सोललेली वाटावी इतकी बारकाईने घडवलेली. पाठीवर तीळ, विरळ केस, सैल पडलेल्या कातडीच्या घड्या. पोटाशी पिल्लं दूध पितायत आणि एक पिल्लू उताणं होऊन स्वतःचा पाय धरून खेळतंय. अगदी पाच-सहा महिन्यांचं बाळ करतं तसं.

आणि तिची नजर. ती पिल्लांकडेही बघत नाही, आपल्याकडेही नाही. कुठेतरी मधेच लागलेली.

आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली, चष्मा पुसला, आणि म्हणाली, “दमलीय गं ती.” मी घरून तयार करून आणलेलं जैवतंत्रज्ञानावरचं छोटंसं भाषण गिळून टाकलं.

आमच्या ग्रुपवर हिचा फोटो आला होता, ‘कलियुगात डुकरिणीच्या पोटी माणूस’ म्हणून. ते खरं आहे का?

नाही. फोटो याच शिल्पाचा. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हापासून, म्हणजे ईमेल पुढे ढकलण्याच्या काळापासून, तिच्या शिल्पांचे फोटो खऱ्या संकरित प्राण्याचे म्हणून फिरतायत. अफवांचा छडा लावणाऱ्या संकेतस्थळांनी त्याचा खुलासा कधीच केला आहे, पण खुलासे कोण पुढे ढकलतो? मजकूर दर वेळी वेगळा असतो, कधी प्रयोगशाळा, कधी शाप, कधी ‘इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी’. फोटोच्या कडेला लाकडी जमीन, स्वच्छ पांढरी भिंत आणि वरून पडणारा गॅलरीचा दिवा दिसतोय का, तेवढं बघा. गोठ्यात असा उजेड नसतो.

हे बनवतात कशाचं? इतकं खरं कसं दिसतं?

पेणला गणपतीचा कारखाना पाहिला असेल तर निम्मं उत्तर तुम्हाला माहीत आहे. आधी रेखाटन. त्यावरून मातीत पूर्ण मूर्ती घडवायची, सुरकुतीसकट, कारण मातीत जे असेल तेच पुढे उतरणार. मग तिच्यावरून साचा. इथवर पेण. पुढे वाट वेगळी होते. साच्यात सिलिकोन ओततात, आत फायबरग्लासचा सांगाडा असतो. सिलिकोनमध्ये रंग आधीच मिसळलेला असतो, आणि ते थोडंसं पारदर्शक असतं. उजेड पृष्ठभागावर आपटून परत फिरत नाही, जरासा आत शिरतो आणि मग बाहेर येतो. आपल्या त्वचेचंही तसंच असतं, म्हणून डोळा फसतो. मेणाच्या पुतळ्यापेक्षा हे जास्त जिवंत वाटतं याचं एक मोठं कारण हेच. त्यावर पातळ थरांमध्ये शिरा, लालसरपणा, वांग, मुरमं.

मग केस. माणसाचे, कधी जनावराचे. सुईने एकेक करून टोचून बसवायचे, आणि प्रत्येकाचा कल बरोबर हवा. भोवरा चुकला की सगळं सोंग उघडं पडतं. एका शिल्पाला महिनोन् महिने जातात ते यामुळे.

पेणचे मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी, सगळ्यांत कसलेल्या हाताकडे देतात. इथेही शिल्प डोळ्यांवरच उभं राहतं किंवा पडतं. पिचिनिनीच्या प्राण्यांचं बाकी शरीर कितीही विचित्र असो, डोळे जवळजवळ नेहमी माणसाचे, ओलसर, काहीतरी कळल्यासारखे. ही तिची युक्ती आहे आणि ती ती दर वेळी वापरते. मला ते कळतं, तरी मी दर वेळी फसते.

म्हणजे हे सगळं ती एकटी करते?

नाही, आणि ती ते लपवतही नाही. रेखाटन, कल्पना, प्रत्येक टप्प्यावरचे निर्णय तिचे. घडवणं, साचे, केस, रंग यासाठी स्टुडिओतली माणसं. सॅम जिंक्स, जो पुढे स्वतः नावाजलेला शिल्पकार झाला, तो अनेक वर्षं तिच्यासाठी शिल्पं घडवत होता. तिचा नवरा पीटर हेनेसी हाही कलाकार, तोही या कामात असतो.

“मग तिने काय केलं?” असं आमच्या शेजाऱ्यांनी तावातावाने विचारलं होतं. सिनेमाच्या दिग्दर्शकाला कॅमेरा कोणी धरला होता हे विचारून त्याचं श्रेय काढून घेतो का आपण? शिवाय ती मुळात पेंटर. तिचा हात कागदावर चालतो. ती रेखाटनं प्रदर्शनात असतील तर चुकवू नका. केसांच्या बारीक रेषांतली काही मला शिल्पांपेक्षा आवडतात.

याला सर्रिअलिझम म्हणायचं का?

मराठीत इथे एक गोंधळ होतो. सर्रिअलिझमला आपण अतिवास्तववाद म्हणतो. आणि हुबेहूब दिसणाऱ्या सिलिकोनच्या शिल्पांनाही वर्तमानपत्रं कधी कधी ‘अतिवास्तव’ म्हणून मोकळी होतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी. पहिल्यात १९२४ च्या पॅरिसमधल्या जाहीरनाम्यापासून चालत आलेली स्वप्नाची, अबोध मनाची भाषा आहे. दुसऱ्यात कारागिरीचा प्रश्न आहे, त्वचेचं छिद्र न् छिद्र दाखवणं. मेलबर्नमध्येच जन्मलेला रॉन म्युएक हा त्या दुसऱ्या घराण्याचा. त्याची माणसं अवाढव्य किंवा चिमुकली असतात, पण माणसंच असतात.

पिचिनिनीने हात दुसऱ्या घराण्याचा घेतला आणि प्राणी पहिल्याचे. तरी मी तिला स्वप्नवाल्यांत बसवणार नाही. स्वप्नात गोष्टींना कारण लागत नाही. हिच्या प्राण्यांना असतं. ही पिशवी पाठीवर का, हे दात एवढे मोठे का, या प्रत्येकाला उत्तर आहे, आणि ते उत्तर बहुधा एखाद्या प्रयोगशाळेतून किंवा लोप पावत चाललेल्या जंगलातून आलेलं असतं.

आपल्याकडे शरभ, व्याल आहेतच की. यात नवीन काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि तो फक्त आपली माणसं विचारतात. खरंच, ज्यांनी लहानपणापासून किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ बघितलाय त्यांना जोडून केलेल्या प्राण्याचं काय कौतुक? जंजिऱ्याच्या दरवाजावरचं ते शिल्प आठवा, पंज्यांत आणि शेपटीत हत्ती पकडलेलं. मंदिरांवरचे व्याल, दोन तोंडांचा गंडभेरुंड, ओडिशाच्या पटचित्रांतला नऊ जीवांचा मिळून झालेला नवगुंजर. नरसिंह तर आपल्या देव्हाऱ्यातच आहे.

फरक कामाचा आहे. शरभ दरवाजावर असतो कारण त्याने आत येणाऱ्याला धाक दाखवायचा असतो. त्याची ताकद हत्तींच्या हिशेबात मोजलेली असते. पिचिनिनीचा प्राणी बघा : पाठीला पोक, कातडी उघडी, अंगावर धड केसही नाहीत. त्याच्यापासून तुम्हाला काही धोका नाही, तुमच्यापासून त्याला आहे. ‘द लाँग अवेटेड’ या २००८ च्या शिल्पात बाकावर एक मुलगा बसलाय आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून समुद्री गाईसारखा एक म्हातारा जीव झोपलाय. मुलाचेही डोळे मिटलेले. एवढंच आहे. तिच्या बहुतेक शिल्पांत कोणीतरी कोणाला तरी सांभाळत असतं, आणि कोण कोणाला, हे पटकन कळत नाही. ‘आपण निर्माण केलेल्या गोष्टीला घरी कोण घेऊन जाणार?’ हाच एक प्रश्न ती पंचवीस-तीस वर्षं वेगवेगळ्या तोंडांनी विचारतेय, असं माझं मत.

अपवादही सांगते, नाहीतर कोणीतरी दाखवून देईल. २००४ च्या ‘नेचर्स लिटल हेल्पर्स’ या मालिकेतला ‘बॉडीगार्ड’ हा चांगला सुळेवाला राखणदार आहे. तो हेल्मेटेड हनीईटर या पक्ष्याच्या रक्षणासाठी. हा व्हिक्टोरियाचा राज्यपक्षी आणि फारच थोडे उरलेत. हा बॉडीगार्ड मात्र जंजिऱ्याच्या दरवाजावर शोभला असता.

भारतातल्या आजच्या कलाकारांत कोण, असं विचाराल तर भारती खेर. तिची २००४ च्या सुमाराची ‘हायब्रिड्स’ ही छायाचित्रमालिका बघा. तिथला संकर जास्त तिखट आहे.

रेल्वे स्टेशनातलं प्रदर्शन, ते काय प्रकरण होतं?

‘अ मिरॅकल कॉन्स्टंटली रिपीटेड’, २०२१. मेलबर्नच्या मधोमध फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन आहे. पिवळट इमारत, तांब्याचा घुमट, दरवाजावर घड्याळांची रांग. ‘घड्याळांखाली भेटू’ असं इथे म्हणतात, दादरला जसं ‘पुलाखाली’. या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक बॉलरूम आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संस्थेची होती, तिथे नाच व्हायचे, वर्ग भरायचे. १९८५ पासून ती लोकांसाठी बंद. खालून रोज लाखभर माणसं ये-जा करणार आणि वर धूळ. ‘रायझिंग’ महोत्सवाने ती खोली पिचिनिनीसाठी उघडली.

आणि काय नशीब. २६ मे ला सुरू झालं, दुसऱ्या दिवशी रात्री शहराला पुन्हा टाळं लागलं. महोत्सव गुंडाळावा लागला. प्रदर्शन मात्र टाळेबंदीच्या फेऱ्यांतून तगून राहिलं, पुन्हा उघडलं, मुदतही वाढली. मी गेले ते त्यानंतर.

बाकीच्या गॅलऱ्यांत आणि इथे काय वेगळं होतं, ते सांगायचा प्रयत्न करते. पांढऱ्या भिंतीसमोर हे प्राणी ‘नमुने’ वाटू शकतात. इथे भिंतींचे पोपडे निघालेले, एका थराखाली दुसरा रंग, त्याखाली तिसरा. लांबलचक बोळ, दोन्हीकडे खोल्या, आणि प्रत्येक खोलीत कोणीतरी राहत असल्यासारखं. सिलिकोनची सुरकुतलेली कातडी आणि ती सोललेली भिंत एकाच वयाची वाटत होती. मधेच खालून गाडी सुटल्याची घोषणा वर यायची, “...लाइन, सर्व स्थानकांवर थांबेल”, आणि जमीन किंचित थरथरायची. तेवढ्यात समोरच्या प्राण्याने श्वास घेतला असं वाटून मी चक्क एक पाऊल मागे सरकले. शेजारी उभी असलेली बाई हसली, ती आधीच सरकलेली होती.

फ्लिंडर्स स्ट्रीट आणि मुंबईचं व्हीटी, यांचे नकाशे बदलले गेले होते म्हणे?

या पानाशी संबंध नाही, पण स्टेशनाचं नाव निघालं की मुंबईकर हा प्रश्न विचारतोच, म्हणून उरकते. दंतकथा अशी की लंडनहून पाठवताना पाकिटांची अदलाबदल झाली, आपलं गॉथिक व्हीटी मेलबर्नसाठी होतं आणि मेलबर्नचं घुमटवालं स्टेशन मुंबईसाठी. छान गोष्ट, पण तारखा जुळत नाहीत. व्हीटी १८८७-८८ मध्ये पुरं झालं. फ्लिंडर्स स्ट्रीटची स्पर्धा १८९९ ची, ती जिंकली रेल्वेतल्याच फॉसेट आणि ॲशवर्थ या दोघांनी, आणि इमारत पुरी व्हायला १९१० उजाडलं. मात्र काल्पनिक प्राण्यांच्या हिशेबात व्हीटीची बाजू जड : तिथल्या भिंतींवरचे ते दगडी पशुपक्षी, जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातचे, फ्लिंडर्स स्ट्रीटला कुठून असणार? पिचिनिनीमुळे थोडे दिवस तेवढी फिट्टंफाट झाली.

विज्ञानाशी याचा खरंच संबंध आहे, की नुसती कल्पना?

आहे, आणि तारखा लावून दाखवता येतो. १९९७ मध्ये पाठीवर माणसाच्या कानासारखा आकार घेऊन फिरणाऱ्या उंदराचा फोटो जगभर छापला गेला. तो कान माणसाचा नव्हता आणि उंदराचे जीनही बदललेले नव्हते. गाईच्या कूर्चेच्या पेशी कानाच्या आकाराच्या साच्यावर वाढवून कातडीखाली बसवल्या होत्या. त्याच वर्षी पिचिनिनीने ‘प्रोटीन लॅटिस’ ही मालिका केली, त्यात तो उंदीर आहे, सुंदर मॉडेल मुलींच्या खांद्याडोक्यावर बसलेला.

‘द यंग फॅमिली’चं बीज म्हणजे माणसाला लागणारे अवयव डुकरात वाढवण्याची कल्पना. शिल्प २००२-०३ चं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं गेलं. तो दोन महिने जगला. त्याहीआधी, १९९७ मध्ये, आसामात सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय बसवण्याचा खटाटोप केला होता. रुग्ण आठवडाभरात गेला आणि डॉक्टरांना अटक झाली. वर ज्या काकांचा उल्लेख केला, त्यांच्या छातीत बायपासचे टाके आहेत. शिल्पासमोर ते जास्त वेळ का थांबले हे मला नंतर कळलं. “उद्या मला लागलं तर हिच्याकडून घेणार ना रे?” असं ते गाडीत माझ्या नवऱ्याला म्हणाले. पुढचे दोन दिवस तोच विषय होता.

‘सरोगेट’ हे २००४ चं शिल्प उत्तरेकडच्या केसाळ नाकाच्या वॉम्बॅटसाठी. वॉम्बॅट म्हणजे बिळात राहणारा, पोटाला पिशवी असलेला इथला प्राणी. क्वीन्सलंडमधल्या एपिंग फॉरेस्ट या एकाच जागी हे वॉम्बॅट उरले होते, १९८० च्या दशकात जेमतेम पस्तीस. आता तीनशेच्या वर गेलेत, कुंपण, राखण आणि दुसऱ्या जागी केलेली वसाहत यांमुळे. पिचिनिनीने त्यांच्यासाठी एक भाड्याची आई कल्पली. तिच्या पाठीवर ओळीने पिशव्या, प्रत्येकीत वेगवेगळ्या वयाचं वॉम्बॅटचं पिल्लू. बघताना हसू येतं. मग लक्षात येतं की वॉम्बॅट वाचवायला आपण नवा गुलाम जन्माला घालतोय. तिची भूमिका विज्ञानविरोधी नाही, हेही सांगायला हवं. “करू नका” असं ती म्हणत नाही. केल्यावर तुम्ही त्यांच्याशी कसे वागाल, तिथे ती बोट ठेवते.

तो बिनमानेचा माणूस हिचाच का?

हो, ग्रॅहम. २०१६, व्हिक्टोरियाच्या ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशनसाठी, म्हणजे रस्ते-सुरक्षेचं सरकारी काम. प्रश्न साधा होता : गाडीच्या अपघातात टिकायचं असेल तर माणसाचं शरीर कसं असायला हवं होतं? सोबतीला शल्यचिकित्सक ख्रिश्चन केनफिल्ड आणि मोनॅश विद्यापीठातले अपघात-अभ्यासक डेव्हिड लोगन. उत्तर : मान नको, ती मोडते. कवटी मोठी, आत मेंदूभोवती जास्त द्रव. चेहरा सपाट, चरबीचा. फासळ्यांमध्ये एअरबॅगसारख्या पिशव्या, गुडघे सगळीकडे वळणारे, पायाला एक जादा सांधा म्हणजे उडी मारून बाजूला होता यावं.

चड्डीवर बसलेला, निळसर डोळ्यांचा, बिचारा ग्रॅहम. कला म्हणून मी त्याला तिच्या वरच्या कामांत धरत नाही. तो एक फलक आहे, अर्थ एकदा कळला की संपला. पण फलक म्हणून? त्याला बघून आल्यावर माझ्या सासऱ्यांनी मागच्या सीटवर बसून स्वतःहून पट्टा लावला. साठ वर्षांत पहिल्यांदा.

इतकी गर्दी का होते?

२०१५-१६ मध्ये ब्राझीलच्या चार शहरांत तिचं ‘कॉमसिएन्सिया’ हे प्रदर्शन फिरलं. सगळी मिळून दहा लाखांहून जास्त माणसं गेली, आणि त्या वर्षी समकालीन कलेच्या जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या प्रदर्शनांत त्याची गणना झाली. प्रवेश फुकट होता हे एक कारण. दुसरं, इथे काही ‘समजावं’ लागत नाही. अमूर्त चित्रासमोर माणूस चोरासारखा उभा असतो, आपल्याला कळत नाही हे कोणाला कळेल म्हणून. इथे आई-बाळ दिसतं, बाळ विचित्र आहे, आई त्याला धरून आहे. बस. ‘द बॉन्ड’मध्ये (२०१६) एका बाईने जो जीव छातीशी धरलाय त्याची पाठ बुटाच्या तळव्यासारखी आहे, नक्षीसकट. तिला त्याचं काहीच वाटत नाही. ती त्याला कवटाळून उभी आहे.

मला किळस आली. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. मलाही पहिल्यांदा आली होती. ओलसर कातडी, चुकीच्या जागी केस, ओळखीची बोटं अनोळखी अंगाला : शरीर आधी ‘दूर हो’ म्हणतं. पाच मिनिटं थांबून बघा. नाहीच ओसरली तर कॅफेत जाऊन बसा. किळस ओसरलीच पाहिजे आणि प्रेम वाटलंच पाहिजे, असा एक गोड दबाव या प्रदर्शनांच्या माहितीफलकांवर असतो, तो मला खटकतो.

मुलांना न्यावं का?

न्या. मोठी माणसं घाबरतात, मुलं नावं ठेवतात. म्हणजे खरीखुरी नावं, गोलू वगैरे. काही शिल्पांत नग्नता आहे, स्तनपान आहे, बाळंतपणाच्या जवळ जाणारे आकार आहेत. तुमच्या घरात त्यावर बोलणं होत नसेल तर परतीच्या वाटेवर करावं लागेल. माझ्या भाचीने सहाव्या वर्षी विचारलं, “यांची आई कुठे गेली?” सुरक्षारक्षकाकडे उत्तर नव्हतं.

टीका कोण करतं, आणि काय?

जास्त भावुक आहे, ही मुख्य. सगळ्यांचे डोळे पाणीदार, सगळी मिठीत. मला ती टीका बऱ्याच अंशी पटते. ओळीने पंधरा मिठ्या बघितल्यावर सोळावी पुसट होते, आणि मोठ्या प्रदर्शनांत हे जाणवतं. अशा वेळी तिची यंत्रं बघावीत. ‘नेस्ट’ (२००६) म्हणजे दोन स्कूटर, एक आई आणि एक पिल्लू, हँडलं हरणाच्या मानेसारखी वळवलेली. तिथे ना त्वचा ना डोळे. आरसा एका बाजूला कललाय, आणि माया आली. हे मला जास्त अवघड वाटतं. दुसरा आक्षेप, ‘ही सिनेमाची सामग्री आहे, कला नव्हे’. त्यावर वाद घालण्यात मला रस उरलेला नाही.

हात लावता येतो? फोटो?

हात नाही. बोटांचं तेल लागतं, केस तुटतात, आणि एकेक केस पुन्हा सुईने बसवावा लागतो. फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, फ्लॅश बंद ठेवा. आणि ग्रुपवर टाकताना खाली ‘शिल्प’ असं लिहा, वरचा तिसरा प्रश्न पुन्हा नको.

आता कुठे बघायला मिळेल?

मोठी प्रदर्शनं फिरती असतात. २०१८ मध्ये ब्रिस्बेनच्या गोमा या आधुनिक कलेच्या गॅलरीत, २०२२ मध्ये सिंगापूरच्या आर्टसायन्स म्युझियममध्ये झालं. तिथे तर मुंबई-पुण्याहून गेलेले ओळखीचे दोन-तीन जण सहज डोकावून आले. मेलबर्नला टोलार्नो आणि सिडनीला रॉझलिन ऑक्सली नाइन या गॅलऱ्या तिचं काम दाखवतात, तिथे तिकीट नसतं, नुसतं आत शिरायचं. बेंडिगोला जायच्या आधी ‘द यंग फॅमिली’ मांडलेली आहे का हे फोन करून विचारा. एकदा मी न विचारता चौघांना घेऊन गेले आणि ती भांडारात होती. चौघे अजून ऐकवतात.

आणि आकाशात बघायची असेल तर ‘स्कायव्हेल’. कॅनबेराच्या शताब्दीसाठी २०१३ मध्ये बनवलेला ३४ मीटर लांबीचा गरम हवेचा फुगा, कासव म्हणा, देवमासा म्हणा, आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे अवाढव्य स्तन. तेव्हा खर्चावरून आणि त्या स्तनांवरून भरपूर बोंबाबोंब झाली. आता कॅनबेराकर तिच्या नावाची खेळणी घेतात. २०२१ मध्ये तिच्या जोडीला नवरा उडाला, ‘स्कायव्हेलपापा’, पिल्लांना अंगाशी धरलेला. दोघे आता नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाकडे असतात आणि अधूनमधून त्यांची उड्डाणं जाहीर होतात. उड्डाण पहाटेच, कारण तेव्हा वारा पडलेला असतो, आणि वारा सुटला तर ऐन वेळी रद्द. कॅनबेराची पहाट बोचरी असते. कानटोपी न्या, आणि थर्मासमध्ये चहा, तिथे त्या वेळी काही उघडं नसतं.